कचेरी बंद होते तेव्हा



वसंतातल्या व्याख्यानांना इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान असे विषय शोभतात. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही नोकरकपातीचा विषय आणून बसविला आहे. परंतु समोर बसलेल्या मंडळींपैकी किती जणांचा मुलगा, मुलगी, सून वा जावई संगणकाच्या धंद्यात आहे, याची प्रत्येकाने मनाशी मोजदाद केली तर हा विषय उपरा वाटणार नाही. पूर्वी गिरणीचा भोंगा थांबला की साऱ्या चाळीला कळत असे. आज हिंजवडीतली किंवा खराडीतली एखादी कचेरी बंद झाली, तर शेजारच्या बिऱ्हाडालाही पत्ता लागत नाही. सकाळी पासवर्ड चालत नाही आणि दोन दिवसांनी लॅपटॉप परत न्यायला माणूस येतो, की झाले.

प्रथम शब्दांचा एक घोळ दूर केला पाहिजे. आपली वर्तमानपत्रे कारखाना बंद झाला की सर्रास 'टाळेबंदी' लिहितात. कायद्याच्या भाषेत टाळेबंदी म्हणजे मालकाने भांडणापायी तात्पुरते लावलेले कुलूप. संपाची ती दुसरी बाजू होय. २०२० साली या शब्दाला महामारीचा तिसरा अर्थ चिकटला, ते निराळेच. आपण बोलणार आहोत ते कायमच्या बंदविषयी. धंदाच आवरता घेतला, किंवा त्याची एखादी शाखा मिटवली, त्याविषयी.

अशा वेळी मालकाकडून तीन निरनिराळ्या गोष्टींची अपेक्षा करता येते. त्याने कळवावे, ही एक. त्याने परवानगी घ्यावी, ही दुसरी. आणि त्याने विचारावे, ही तिसरी. या तिन्हींची आपल्याकडे फार गल्लत होते. आमचे म्हणणे असे की, आपल्या कायद्यात पहिली आहे, काही ठिकाणी दुसरी आहे, तिसरी मात्र नाही; आणि संगणकाच्या कचेरीत काम करणाऱ्याला सर्वांत अधिक गरज तिसरीचीच आहे.

आपला कायदा असा का घडला, याचे मूळ शोधू लागलो तर ते थेट बार्शीला जाऊन पोहोचते. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे आणि लातूरकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे ही छोटी गाडी आपल्यापैकी वयस्कर मंडळींना आठवत असेल. ती एका खाजगी इंग्रजी कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती ताब्यात घेतली. त्याआधी, नोव्हेंबर १९५३ मध्ये, कंपनीने आपल्या नोकरांना नोटिसा दिल्या की डिसेंबरअखेर तुमची नोकरी संपेल. बहुतेकांना सरकारी रेल्वेने सामावून घेतले हे खरे. पण कंपनीच्या नोकरीतून तर त्यांना काढलेच होते. आणि नोकरकपातीची भरपाई देणारे कलम त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात औद्योगिक विवाद कायद्यात घातले गेले होते. कामगारांनी भरपाई मागितली. त्यांच्या बाजूने के. एन. जोगळेकर यांचे नाव दाव्याला लागलेले आहे. बडोद्याच्या एका गिरणीचा तसाच दावा त्याच्या जोडीला होता.

२७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो कामगारांच्या विरुद्ध. न्यायालयाचा युक्तिवाद तर्काला धरून होता. कपात म्हणजे चालू धंद्यात जास्त झालेली माणसे कमी करणे. धंदाच उरला नाही तर जास्त कोण आणि कमी कोण? म्हणजे शंभरातले दहा काढले तर दहांना भरपाई, आणि शंभरच्या शंभर काढले तर कोणालाच नाही! हा विपरीत परिणाम सरकारच्या लगेच ध्यानात आला. १९५७ साली आधी वटहुकूम आणि मग कायदा करून, धंदा बंद झाला तरी कपातीप्रमाणेच नोटीस व भरपाई द्यावी असे ठरविण्यात आले, आणि ही तरतूद निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २८ नोव्हेंबर १९५६ पासून, लागू मानण्यात आली. बार्शीच्या रेल्वेकामगारांना स्वतःला तिचा लाभ झाला नाही. देशातल्या पुढच्या सगळ्या नोकरदारांना झाला.

मात्र या दुरुस्तीने वादाला जे वळण लागले ते आजतागायत कायम आहे. प्रश्न 'किती द्यायचे' हा झाला. बंद करण्यापूर्वी माणसांशी बोलायचे की नाही, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

१९७२ साली आणखी एक कलम आले. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तर बंद करण्यापूर्वी साठ दिवस नोटीस द्यावी. ऐकायला चांगले वाटते. पण ही नोटीस कोणाला द्यायची? सरकारला. ज्याची नोकरी जाणार त्याला तिची प्रत द्यावी असे त्या कलमात नाही. त्याला वेगळी एक महिन्याची नोटीस, किंवा तिच्याऐवजी महिन्याचा पगार, एवढेच. म्हणजे मंत्रालयातल्या कारकुनाला जी बातमी दोन महिने आधी कळते, ती कचेरीत कोड लिहीत बसलेल्या मुलीला शेवटच्या दिवशी पगाराच्या चेकबरोबर कळली तरी चालते.

परवानगीचा मार्ग १९७६ साली, आणीबाणीत आला. तीनशे कामगारांच्या कारखान्याला, खाणीला किंवा मळ्याला सरकारच्या संमतीवाचून बंद करता येणार नाही, असे ठरले. मुंबईच्या एक्सेल वेअर या तयार कपड्यांच्या कंपनीने त्याला आव्हान दिले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द ठरविले. पुढे ते सुधारून पुन्हा आणले गेले, आकडा शंभरावर उतरला, आणि २००२ मध्ये न्यायालयाने सुधारलेले कलम मान्य केले. या मार्गाचे फळ काय, हे गिरणगावाइतके कोणाला ठाऊक असणार? १९८२ च्या संपानंतर कितीतरी गिरण्या कागदोपत्री बंद झाल्याच नाहीत. त्या नुसत्या चालेनाशा झाल्या. बंद नाही म्हणून भरपाई नाही, चालू नाही म्हणून पगार नाही. परवानगीचा आग्रह धरणाऱ्या मित्रांशी आमचे येथे मतभेद आहेत. ज्याला बंद करायचे आहे त्याला सरकारी शिक्क्याने उघडे ठेवता येत नाही. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या कलमात अर्जाची प्रत कामगारांच्या प्रतिनिधींना द्यावी लागते आणि सरकारपुढे त्यांचे म्हणणे ऐकले जाते. ऐकून घेण्याची तेवढी एकच खिडकी आपल्या कायद्यात आहे. संगणकाची कचेरी कारखाना नव्हे, खाण नव्हे, मळा तर नव्हेच; त्यामुळे तिच्यासाठी ती खिडकीही बंद.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. आम्ही सांगितलेली कलमे थोड्याफार फरकाने तिच्यात उतरली आहेत. परवानगीचा आकडा शंभराचा पुन्हा तीनशे झाला आहे. साठ दिवसांची नोटीस तशीच आहे, आणि तीही सरकारलाच.

आता भरपाईचा हिशेब सांगतो, कारण तो ज्यांना ठाऊक असायला हवा त्यांनाच नसतो. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला, पुऱ्या झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर ते एक वर्ष धरायचे. समजा, एखाद्याची नोकरी आठ वर्षे सात महिने झाली आणि कायद्याच्या अर्थाने त्याचे वेतन महिना ६०,००० रुपये आहे. म्हणजे नऊ वर्षे, प्रत्येकी ३०,०००; एकूण २,७०,००० रुपये. शिवाय नोटिशीचा महिना. ग्रॅच्युइटी निराळी. मालकाच्या हाताबाहेरच्या अटळ कारणाने बंद झाले असेल तर ही भरपाई तीन महिन्यांच्या वेतनापुरती मर्यादित होते. पण नुसती पैशाची अडचण किंवा तोटा हे अटळ कारण नव्हे, असे कायद्यातच स्पष्ट म्हटले आहे.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे कामगारांसाठी. आमचा मुलगा इंजिनिअर आहे, त्याला लाखाचा पगार आहे. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो कोणाच्या सोयीचा आहे हे सांगायला नको. कायद्यातला 'कामगार' पगारावरून ठरत नाही, कामावरून ठरतो. तांत्रिक, कुशल, कारकुनी काम करणारा कितीही पगार घेत असला तरी कामगारच. वगळले आहेत ते मुख्यतः व्यवस्थापनाचे वा प्रशासनाचे काम करणारे, आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे देखरेखीचे लोक. नावापुढे 'मॅनेजर' लावले म्हणून कोणी मॅनेजर होत नाही. २०१५ साली कामावरून काढलेल्या एका संगणक अभियंत्याला चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये परत घेण्याचा आदेश दिला, तो याच मुद्द्यावर, की त्याचे काम कौशल्याचे होते, हुकूम सोडण्याचे नव्हते. निकाल चांगला, पण मधली सात वर्षे कोणी परत देत नाही.

आणि येथेच खरी मेख आहे. कायदा ज्याला काढले त्याला भरपाई देतो. जो स्वतः गेला त्याला देत नाही. म्हणून संगणकाच्या धंद्यात माणसे काढली जात नाहीत, ती 'राजीनामा देतात'. छोट्या खोलीत बोलावून किंवा फोनवर सांगितले जाते की, राजीनामा लिहून दिलात तर अनुभवाचे पत्र स्वच्छ मिळेल, नाहीतर काढल्याचा शेरा बसेल आणि पुढची नोकरी मिळणे कठीण होईल. जुलै २०१७ मध्ये एका नामांकित कंपनीतले असे संभाषण ध्वनिमुद्रित होऊन बाहेर आले. उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या, असे त्यात सांगितले होते. उद्योगसमूहाच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली, हे त्यांना शोभण्याजोगेच झाले. परंतु माफी त्या बोलण्याच्या रीतीबद्दल होती. ती रीत ज्या कायद्याच्या फटीतून येते ती फट तशीच राहिली. शंभर जणांनी एकेकटे राजीनामे दिले तर कागदावर कोणालाही काढलेले नसते आणि कोणतीही शाखा बंद झालेली नसते. नवी संहिता कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम देवविते. राजीनामा देणाऱ्याला तीही नाही. जी सही पाच मिनिटांत घेतली जाते ती इतकी महाग पडते.

माणसे एकेकटी का गाठली जातात? कारण सर्वांना एकत्र बसवून बोलण्याचे बंधन मालकावर नाही. असे बंधन असले म्हणजे काय होते, हे पाहायला थोडे दूर, फिनलंडपर्यंत जावे लागेल. तेथील दावा थेट संगणकाच्याच कारखान्याचा आहे.

ऑक्टोबर १९९९ मध्ये जपानची फुजित्सू आणि जर्मनीची सीमेन्स यांनी आपले संगणकाचे धंदे एकत्र करून एक कंपनी केली. मूळ कंपनी हॉलंडमध्ये, आणि तिची एक उपकंपनी फिनलंडमध्ये, हेलसिंकीजवळ एस्पो शहरातील किलो येथे. जेमतेम दोन महिने लोटतात तोच, ७ डिसेंबरला वरच्या मंडळींनी प्रस्ताव केला की किलोचा कारखाना समूहातून काढून टाकावा. १४ डिसेंबरला मूळ कंपनीच्या संचालक मंडळाने त्या प्रस्तावाला पाठिंबा दिला. २० डिसेंबर ते ३१ जानेवारी कामगारांशी बोलणी झाली. १ फेब्रुवारी २००० ला उपकंपनीने संगणकविक्री सोडून सर्व काम बंद करण्याचे ठरविले. ४९० पैकी सुमारे ४५० जणांची नोकरी गेली.

कामगार संघटनांचे म्हणणे असे: बोलणी झाली खरी, पण निर्णय आधीच हॉलंडमध्ये झाला होता, आमच्याशी बोलणे हे लग्न लागल्यावर मुलगी पाहण्यासारखे झाले. कंपनी म्हणे, निर्णय फिनलंडच्या मंडळाने बोलणी संपल्यावरच घेतला. प्रकरण युरोपीय न्यायालयापुढे गेले आणि सप्टेंबर २००९ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की, ज्या धोरणात्मक निर्णयामुळे माणसे कमी करण्याचा विचार करणे भाग पडते, तो निर्णय झाला की विचारविनिमयाची जबाबदारी सुरू होते. तो निर्णय मूळ कंपनीने घेतला असला तरी. विचारविनिमय करण्याचे बंधन मात्र नेहमी प्रत्यक्ष नोकरी देणाऱ्या उपकंपनीवर असते, आणि तो पुरा झाल्याशिवाय तिला कोणाचीही नोकरी संपवता येत नाही. न्यायालयाने दुसरी बाजूही सोडली नाही. नुसता विचार मनात आला म्हणून बोलणी सुरू करायला लावली तर मालकाची हालचालच खुंटेल, असेही त्याने बजावले.

हिंजवडीतल्या कित्येक कचेऱ्यांची गोष्ट वेगळी काय आहे? निर्णय टेक्सासमध्ये किंवा फ्रँकफुर्टमध्ये होतो, आणि येथला प्रमुख हात वर करून म्हणतो, 'वरून आले आहे.' तो बहुधा खरेच बोलत असतो. आपल्या कायद्यात त्याच्या या उत्तरापुढे विषय संपतो. युरोपात तेथून विषय सुरू होतो.

हा युरोपीय नियम १९७५ चा. त्याच्या जन्माची कथा अशी सांगतात की, १९७३ मध्ये अक्झो या बहुराष्ट्रीय कंपनीने हजारो माणसे कमी करायचे ठरविले, निरनिराळ्या देशांतले काढण्याचे खर्च ताडून पाहिले, आणि जेथे काढणे स्वस्त तेथली माणसे काढली. ही बाजारहाट थांबावी म्हणून सर्व सभासद देशांना किमान नियम घालून दिला गेला. ब्रिटनने पुढे युरोपीय संघ सोडला, तरी आपल्या कायद्यातला हा नियम ठेवला आहे. एका ठिकाणी नव्वद दिवसांच्या आत वीस किंवा अधिक लोकांना काढण्याचा विचार असेल तर पहिल्या काढण्याच्या निदान तीस दिवस आधी, आणि शंभर किंवा अधिक असतील तर पंचेचाळीस दिवस आधी, बोलणी सुरू झाली पाहिजेत. संघटना असेल तर तिच्याशी. नसेल तर कामगारांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींशी. हा 'नसेल तर' आमच्या दृष्टीने फार मोलाचा, कारण संगणकाच्या कचेऱ्यांत संघटना क्वचितच असतात. कारणे, संख्या, निवड कशी करणार, हे लेखी द्यावे लागते. बोलण्याचे विषयही ठरलेले आहेत: काढणे टाळता येईल का, संख्या कमी होईल का, परिणाम सौम्य होतील का, आणि बोलणी समझोत्याच्या हेतूने व्हावीत असे कायदा म्हणतो. नॉर्थंबरलंडमधील एलिंग्टनची कोळशाची खाण २००५ मध्ये बंद झाली, त्या दाव्यात तेथील अपील न्यायाधिकरणाने २००७ मध्ये याच्याही पुढे जाऊन सांगितले की, बंद का करता याविषयीसुद्धा बोलले पाहिजे. हे न करणाऱ्या मालकाला प्रत्येक माणसामागे नव्वद दिवसांपर्यंतचा पगार दंडादाखल भरावा लागे. ती मर्यादा १८० दिवसांवर नेणारा कायदा तेथे २०२५ मध्ये संमत झाला.

एवढे करून तेथल्या कचेऱ्या बंद व्हायच्या राहतात काय? नाही राहत. किलोचा कारखानाही गेलाच. मग या बोलण्याने मिळते काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारणारच, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

मिळते ते तारखांत आणि तपशिलांत. एखाद्याच्या नोकरीला चार वर्षे पाच महिने झाले आहेत. पाच पुरी झाली तर ग्रॅच्युइटी मिळते. एखादी बाळंतपणाच्या रजेवर आहे. एखाद्याच्या आईवडिलांचा दवाखान्याचा विमा कंपनीच्या सामुदायिक विम्यात आहे, तो नोकरीबरोबर संपतो आणि वडिलांची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरलेली आहे. त्याच कंपनीच्या बंगळूरच्या कचेरीत चाळीस जागा भरायच्या आहेत, पण पुण्याच्या माणसांना त्या विचारलेल्याच नाहीत. टेक्सासमधल्या कोष्टकात यांतले काहीच दिसत नाही. तेथे 'पुणे' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे आकडा असतो. हे तपशील समोर बसून माणसांनीच सांगायचे असतात, आणि तारखा ठरण्यापूर्वी सांगितले तरच त्यांचा उपयोग. शिवाय दहा निवडलेले प्रतिनिधी आत बसलेले असताना, अकराव्याला फोन करून रात्रीत राजीनामा मागणे अवघड जाते. या धंद्यात हा लाभ आम्हांस सर्वांत मोठा वाटतो.

मालकांचे आक्षेपही पोकळ नाहीत. बातमी फुटली की हुशार माणसे आधी पळतात आणि गिऱ्हाईक बिथरते, असे ते म्हणतात. कंपनी शेअरबाजारात असेल तर गुप्ततेचे नियम आड येतात. यांतले पहिले तर आजही घडते. कुजबूज चहाच्या टपरीवर आधी पोहोचते, फक्त ती अर्धवट असते. गुप्ततेबाबत म्हणाल तर तीच कंपनी लंडनमध्येही शेअरबाजारात असते आणि तेथे पंचेचाळीस दिवस बोलणी करते.

आपल्याकडे यासाठी अगदी शून्यापासून आरंभ करावा लागेल असेही नाही. व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा हे ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, अनुच्छेद ४३-अ म्हणून, लिहून ठेवलेले आहे. आणि शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत कामगार व मालक यांच्या प्रतिनिधींची कार्य समिती नेमण्याचा आदेश सरकारला देता येतो; ही तरतूद १९४७ पासूनची असून नव्या संहितेतही आहे. समितीला कचेरी बंद करण्याबाबत विचारलेच पाहिजे असे संहिता म्हणत नाही. परंतु समान हिताच्या गोष्टींवर मत देण्याचे काम तिच्याकडे सोपविलेले आहे, आणि कचेरी राहणार की जाणार याहून अधिक समान हिताची गोष्ट आम्हांस तरी सुचत नाही. महाराष्ट्र सरकारने संगणकाच्या कचेऱ्यांसाठी असा सर्वसाधारण आदेश काढायचे मनावर घेतले, तर त्याला विधिमंडळापुढे जाण्याचीही गरज नाही. त्याच्या जोडीला, साठ दिवसांच्या नोटिशीची एक प्रत या समितीच्या हाती पडावी, एवढी एक ओळ मात्र कायद्यात घालून घ्यावी लागेल. ती संसदेला घालता येईल, आणि कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यालाही घालता येईल. १९५७ साली बार्शीच्या निकालानंतर कायदा दुरुस्त करायला सरकारला सहा-सात महिने लागले होते.